सोलापुरात बालसंरक्षणाचं काम करायचंय? आधी माझी एक चूक ऐका

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षातली पोरंपोरी दर उन्हाळ्यात विचारतात, ताई या फिल्डमध्ये यायचंय, काय वाचू? वाचायचं ते वाचाच. बाल न्याय कायदा 2015, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012, बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006, हे तिन्ही मराठीतून वाचा म्हणजे गावात बोलताना अडत नाही. पण मला शहाणपण आलं ते पुस्तकातनं नाही, एका घराच्या कुलपातनं.

पहिलंच वर्ष होतं माझं, एका संस्थेत फिल्डवर्कर. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन आला की कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका वस्तीवर नववीतल्या पोरीची आज हळद आहे. पोलीस, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि मी असे सगळे गेलो. मांडव पडलेला, चुलाणावर भाताचं पातेलं, आम्हाला बघून आचाऱ्याने हातातला झारा तसाच धरून ठेवलेला अजून डोळ्यासमोर आहे. ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे बऱ्याच नव्यांना माहीतच नसतं, तर त्यांनी बापाला समजावलं, दमही दिला, 18 पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र घेतलं आणि पोरीला बाल कल्याण समितीपुढे (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) नेऊन परत आईबापाच्या ताब्यात दिलं. मी काय केलं? मांडवाचा फोटो काढून स्टेटसला टाकला, "बालविवाह रोखला". कोपऱ्यात पोरीचा चेहरा स्पष्ट दिसत होता. बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतंय की मुलाची ओळख उघड करायची नाही, आणि मी कायदा पाठ असलेली बाई, तासभर तो फोटो तसाच ठेवला होता.

त्यानंतर फाईल बंद. दिवाळीनंतर दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूला गेले होते म्हणून सहज डोकावले, तर घराला कुलूप. शेजारीण भांडी घासत होती, मान वर न करताच म्हणाली, "ती व्हय? तिला दिली की मामाच्या गावात. आता कोयत्यावर गेल्यात सगळी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवरा-बायको मिळून ऊसतोडीचा एक कोयता होतो आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्याने आधीच दिलेले पैसे, कोयत्यावर मिळते. म्हणजे पोरीचं लग्न लावलं की घरातलं खाणारं एक तोंड कमी आणि तिकडे एक कोयता जास्त. शिवाय सहा महिने आईबाप फडात, वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? हळदीच्या दिवशी आम्ही दहा माणसं त्या अंगणात उभी होतो, पण हा प्रश्न त्या बापाला एकानेही विचारला नाही. आमचं सगळं लक्ष जन्मतारखेवर. (जन्मतारखेचं पण सांगून ठेवते, वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसला तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसले तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्डावर विसंबून वाद घालत बसू नका.)

तेव्हापासून माझी कामाची पद्धत बदलली. लग्न परत लावतील असा नुसता वास आला तरी बालविवाह कायद्याच्या कलम 13 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्यायचाच असा आग्रह धरते, कारण हुकूम मोडून लावलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच रद्द ठरतं, एरवी बालविवाह झाला की तो रद्द करून घ्यायला पोरीलाच कोर्टात जावं लागतं. आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी घरी जातेच, कुणी सांगो न सांगो. त्याहून उपयोगी पडतो तो शाळेचा हजेरीपट. मुख्याध्यापकांना सांगून ठेवायचं की ही पोर सलग तीन दिवस आली नाही तर मला एक मिस्ड कॉल द्या. फडावर जायच्या आधी वसतिगृहात नाहीतर हंगामी वसतिगृहात (ऊसतोडीपुरतं चालणारं) सोय लागते का बघायचं, आणि ते सप्टेंबरमध्येच बघायचं बरका, गाड्या निघाल्यावर धावून उपयोग नसतो.

शहरातलं काम वेगळं. सोलापुरात नुसत्या मराठीवर भागत नाही, पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कानडी. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका विधवा बाईकडे गेले होते, बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, एक पालक गेलेल्या मुलांनाही, म्हटलं तिच्या दोन्ही पोरांचं काम होईल. जाऊन बसले आणि लगेच फॉर्म काढला. बाई गप्पच. मांडीवर सूप, हात विडीवर चालूच, बाजूला धाकटी पोरगी नखाने विड्यांची तोंडं दाबतेय, आणि माझ्या प्रश्नांना नुसतं हो-नाही. दुसऱ्या वेळी बॅग उघडलीच नाही. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायला बसले, चार पानं फाडली, ती हसली, शेजारणीला तेलुगूत माझ्याबद्दल काहीतरी बोलली आणि मग स्वतःहून सांगितलं की थोरला पंधराचा आहे, शाळा सुटली, टॉवेलच्या कारखान्यात रातपाळी करतो. फॉर्ममध्ये हा रकाना कुठेच नव्हता. 14 ते 18 च्या पोरांना संध्याकाळी 7 ते सकाळी 8 कामावर ठेवायला बंदी आहे, पण तिला तिथंच कलम ऐकवलं असतं तर ती परत कधी बोलली नसती. आधी पैशांचं बघितलं, मग रातपाळी सुटली. तो सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा) भरून दहावीला बसला, गणितात गेला, परत बसला.

पॉक्सोच्या केसबद्दल थोडंच सांगते. कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "आधी घरच्यांशी बोलून बघू" हे चालत नाही. आणि लेकराला काय झालं ते परत परत विचारू नका. जबाब घेणारी अधिकारी, शक्यतो महिला, साध्या कपड्यात, मूल म्हणेल त्या जागी येते, त्यांना त्यांचं काम करू द्या, तुम्ही पाणी द्या, शेजारी बसा. स्टेशनवर नाहीतर पंढरपूरच्या वारीत चुकलेलं मूल सापडलं तर 24 तासांच्या आत समितीपुढे, एवढं डोक्यात ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ती 18 पूर्ण झालेली पोरं. बालगृहातनं बाहेर पडतात एक पेटी घेऊन, आणि "पालक कोण?" म्हणून घरमालक खोली देत नाही. 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतनं बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, अनाथांना राज्यात 1 टक्का आरक्षण आहे, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते पोरगं संस्थेत असतानाच काढून ठेवायचं. सतराव्या वर्षी फाईल उघडा आणि प्रमाणपत्र, बँक खातं, शाळेचे दाखले यातलं काय नाही ते बघा. बाहेर पडल्यावर त्याच कागदासाठी पोरं वर्ष-वर्ष हेलपाटे घालताना बघितलेत मी.

पगाराचं विचारता म्हणून सांगते, बहुतेक जागा कंत्राटी, त्याला मानधन म्हणतात आणि ते उशिरा येतं, तेव्हा हाताशी तीन महिन्यांचा खर्च ठेवूनच या. टू-व्हीलर येत नसली तर शिका. शक्यतो फेब्रुवारीत जॉइन व्हा, अक्षय तृतीयेचा लग्नमुहूर्त जवळ आला की बालविवाहाचे फोन इतके असतात की नव्या माणसाला सोबत घेऊन शिकवायला आमच्यातल्या कुणालाच सवड नसते.