तुरुंगातून फोन येणार असेल तेव्हा घरची तयारी

तुरुंगात आपल्याला फोन लावता येत नाही. फोन तिकडून येतो, बंद्याच्या म्हणजे कैद्याच्या पाळीप्रमाणे येतो, आणि उचलला नाही तर ती पाळी बहुतेकदा गेलीच. म्हणून सगळी तयारी आपल्या बाजूची.

पहिलं काम नंबराचं. आधी कळवलेल्या आणि पडताळलेल्या नंबरावरच बंद्याला बोलता येतं. खेड्यात सिम बरेचदा चुलतभावाच्या नाहीतर भलत्याच कुणाच्या नावावर असतं आणि पडताळणी तिथेच अडते. अर्जाआधी सिम आणि आधार एकाच नावाचे करून घ्या. कागद कोणते लागतात ते मुलाखतीला म्हणजे तुरुंगात भेटायला जाल तेव्हा खिडकीवरच विचारा. नागपूर-अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात आणि यवतमाळ-अकोल्याच्या जिल्हा कारागृहात पद्धत सारखीच असेल असं धरू नका. एकदा दिलेला नंबर मात्र बदलू नका. बदलला की पडताळणी पहिल्यापासून, आणि तोवर बोलणं बंद.

रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वैधता संपली की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांत इनकमिंगही, आणि घरच्यांना वाटत राहतं की पोरगा फोनच करत नाही. फोनमध्ये ‘अनोळखी नंबर गप्प करा’ अशी सेटिंग असेल तर काढा. स्पॅम रोखणारं अ‍ॅप असेल तर तेही बंद ठेवा, कारण तुरुंगाचा नंबर त्याला अनोळखीच दिसतो. कॉल फॉरवर्ड काढून टाका.

संध्याकाळी बराकी बंद होतात, त्यामुळे फोन दिवसा येतो, म्हणजे नेमका कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या वेळेला. फोन घरी बाजेवर ठेवून वावरात जाऊ नका. वावरात रेंज कुठे मिळते ते आधी पाहून ठेवा. टिनाच्या घरात आवाज तुटत असेल तर अंगणातली जागा ठरवा. रात्रीच चार्जिंग करा, सकाळच्या लाइटीचा भरवसा धरू नका.

पहिल्या फोनात त्यालाच विचारा: आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, साधारण कोणत्या वेळी. वेळ कमीच असते. सहा जणांनी फोन हातोहात फिरवला तर कुणाचंच बोलणं होत नाही आणि लाइन मध्येच कटते. आमच्या मते एका फोनाला एकच जण बोलावं. हा फोन मायचा, पुढचा बायकोचा, त्यापुढचा लेकरांचा. माय रडणारच, तिला रडू द्या. तिची पाळी तिचीच.

कामाचं बोलणं पहिल्या मिनिटात उरका. फोनजवळ वही आणि दोरीने बांधलेला पेन ठेवा. पुढची तारीख, कोर्ट, वकिलाचा निरोप, तब्येत, औषधं, खर्चाला पैसे पोचले का, एवढं आधीच लिहून ठेवा. जामिनाचं चालू असेल तर जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार, फोटो यांतलं काय झालं ते सांगा. खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. ई-कोर्ट्‌स अ‍ॅपवर त्यावरून तारीख घरीच दिसते.

गुन्हा कसा घडला, साक्षीदार कोण, फिर्यादीला कोण भेटलं, हे फोनवर एक शब्दही बोलू नका. बोलणं ऐकलं जातं असंच धरून चाला. ते वकिलाने मुलाखतीत विचारावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरांनी त्या भाषेत बोलू देतात का, हे आधी विचारून घ्यावं.

फोन चुकला तर त्या नंबरावर परत लावत बसू नका. तारीख-वेळ लिहा आणि पुढच्या वेळी तोच काळ मोकळा ठेवा. बरेच दिवस फोन नाही आला तर घाबरण्याआधी कारणं तपासा: आपलं रिचार्ज, तुरुंगातल्या त्याच्या खात्यातले पैसे, दुसऱ्या तुरुंगात बदली, दवाखाना. वकिलाला विचारा, नाहीतर सरळ मुलाखतीला जा.

आणि कुणी ‘जेलमधून बोलतोय, साहेबाला पैसे पाठवा, पोरगा सुटतो’ म्हणत मोबाईलवर पैसे मागितले, तर फोन ठेवा. पैसे पाठवायचेच असतील तर बंद्याचं पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक घालून मनीऑर्डर करा, पावती वहीला टाचून ठेवा.