रिन्यू न झालेलं डोमेन आणि बदललेला रजिस्ट्रार

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा सकाळी सातला फोन आला, "साहेब, वेबसाइट उघडंना, मेलबी बंद हाय." त्यांचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मीच दिलेलं; मी रिसेलर, दुसऱ्याकडून डोमेन घेऊन विकणारा. ज्यांच्याकडून घेतो त्यांच्या पॅनलमध्ये माझे आगाऊ पैसे जमा, ऑटो-रिन्यू चालू, तरी रिन्यू झालंच नव्हतं. तिकीट टाकलं, दोन दिवस उत्तर नाही. ऐन सौद्याच्या हंगामात त्यांचे ऑर्डरचे मेल परत जात होते, याचं फार वाईट वाटलं.

मग आयकॅन या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअपवर ते नाव टाकलं. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी मूळ कंपनी, म्हणून वेगळंच नाव! म्हणजे मी ज्यांच्याकडून घेत होतो तेही रिसेलरच. मूळ रजिस्ट्रारला पावत्यांसकट थेट लिहिलं, संध्याकाळी डोमेन सुरू झालं. डॉट कॉम एकदा डिलीट झालं की 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ, म्हणजे ते सोडवून घ्यायची मुदत, लागतो आणि सोडवायला जबर पैसे मोजावे लागतात. त्याआधी सुटलो.

आता रजिस्ट्रारची मान्यता आधी बघतो: डॉट कॉमसाठी आयकॅनची यादी, डॉट इनसाठी ते सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेची. दर नंतर. शिवाय स्वतःचं एक डोमेन घेऊन चाचणी करतो. नव्या डोमेनला सहसा 60 दिवस ट्रान्सफर लॉक असतं, म्हणजे ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. ते संपलं की ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड, मागायचा. आयकॅनच्या नियमाने तो 5 दिवसांत मिळायलाच हवा. या चाचणीत सध्याच्या रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये तो लगेच दिसला, तेव्हाच बाकीची डोमेनं त्यांच्याकडे हलवली. आणि ग्राहकाचं डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर ठेवतो.