औपचारिक घात श्रेणींच्या वलयात होणाऱ्या या चुका टाळा

‘व’ हे १ हा घटक असलेले क्रमनिरपेक्ष वलय (बेरीज, वजाबाकी व गुणाकार करता येणारी आणि गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर न बदलणारी रचना) असेल, तर अ₀ + अ₁क्ष + अ₂क्ष² + … अशा सर्व श्रेणींचे वलय व[[क्ष]] असे लिहितात. पदव्युत्तर अभ्यासात येथे होणाऱ्या बहुतेक चुका दोन सवयींतून येतात : श्रेणीला फलन समजणे आणि श्रेणीला लांबलेली बहुपदी समजणे.

पहिली सवय कलनशास्त्रातली. १ + १!क्ष + २!क्ष² + ३!क्ष³ + … ही श्रेणी शून्याखेरीज कोणत्याही वास्तव किमतीला अभिसारी नाही, म्हणून ती निरर्थक ठरवली जाते. वस्तुतः येथे क्ष ही संख्या नसून केवळ स्थान दाखवणारी खूण आहे. त्यामुळे ही श्रेणी वलयाचा रीतसर घटक आहे आणि तिला गुणाकार व्यस्तही (जिने गुणले असता १ मिळतो अशी श्रेणी) आहे. याउलट, घातांकी श्रेणीत (१ + क्ष + क्ष²/२! + क्ष³/३! + …) क्षऐवजी १ + क्ष घालणे निरुपद्रवी वाटते, पण तसे केल्यास केवळ स्थिर पदासाठीच १ + १ + १/२! + १/३! + … ही अनंत बेरीज करावी लागते, आणि परिमेय सहगुणकांच्या बीजगणितात तिला अर्थ नाही. घातल्या जाणाऱ्या श्रेणीचे स्थिर पद शून्य असेल, तर ही अडचण येत नाही. शंका आली की उत्तरातील प्रत्येक सहगुणक सान्त क्रियांनी ठरतो का, एवढे तपासावे.

व्यस्ताच्या बाबतीत ‘स्थिर पद शून्य नसले की पुरे’ हे वाक्य पाठ केलेले असते. ते व हे क्षेत्र असतानाच, म्हणजे त्यातील प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त असतानाच, खरे आहे. सर्वसाधारण नियम असा की, श्रेणीच्या स्थिर पदाला व मध्ये व्यस्त असेल तेव्हा आणि तेव्हाच श्रेणीला व्यस्त असतो. म्हणून पूर्णांक सहगुणकांच्या वलयात १ − २क्ष चा व्यस्त १ + २क्ष + ४क्ष² + … हा आहे, पण २ − क्ष ला व्यस्त नाही.

दुसरी सवय अधिक चिवट आहे. श्रेणीला कोटी, म्हणजे बहुपदीसारखा सर्वात मोठा घातांक, नसते. तिच्या जागी शून्येतर सहगुणकाचा सर्वात लहान घातांक वापरावा. व हे क्षेत्र असेल तर प्रत्येक शून्येतर श्रेणी म्हणजे क्षचा एखादा घात गुणिले व्यस्त असलेली श्रेणी, त्यामुळे शून्य आयडियल (आयडियल म्हणजे बेरजेला बंदिस्त आणि वलयातील कोणत्याही घटकाने गुणले तरी आतच राहणारा उपसंच) वगळता सर्व आयडियल क्षच्या घातांनीच निर्माण होतात आणि महत्तम आयडियल (संपूर्ण वलयाखेरीज ज्याहून मोठे आयडियल नाही असे) एकच उरते. परिमेय बहुपदींमध्ये क्ष − ५ महत्तम आयडियल निर्माण करते. श्रेणींमध्ये तिला चक्क व्यस्त असतो.

अवयवीकरणातही बहुपदींचे निष्कर्ष उचलून आणू नयेत. पूर्णांक बहुपदींमध्ये ६ + क्ष अविभाज्य आहे, पण श्रेणींमध्ये तिचे (२ + क्ष + क्ष² + …)(३ − क्ष − क्ष² + …) असे अवयव पडतात, कारण २ आणि ३ या सहमूळ संख्या असल्याने पुढच्या प्रत्येक पायरीवरचे समीकरण पूर्णांकांत सुटते. व मध्ये अवयवीकरण एकमेव असले म्हणून व[[क्ष]] मध्ये ते तसे असेलच असे नाही. फ्रेंच गणितज्ञ पिएर सॅम्युएल यांनी १९६१ मध्ये याची प्रतिउदाहरणे दिली. नोएथरीय असण्याचा (प्रत्येक आयडियल सान्त घटकांनी निर्माण होण्याचा) गुणधर्म मात्र सुखरूप पुढे जातो.

शेवटची चूक जाणकारांकडूनही होते : पूर्णांक श्रेणींचे भागाकार घेतले की परिमेय सहगुणकांच्या सर्व श्रेणी मिळतील, असे गृहीत धरणे. छेदातील श्रेणीतून क्षचा घात बाहेर काढल्यावर उरणारे स्थिर पद ड मानले, तर भागाकाराच्या सहगुणकांच्या छेदांत ड ला भागणाऱ्या मूळ संख्याच येऊ शकतात. घातांकी श्रेणीच्या छेदांत प्रत्येक मूळ संख्या कधी ना कधी येते, म्हणून ती अशा भागाकारांच्या क्षेत्रात बसत नाही.