करटोलीला फुलं येतात, फळ धरत नाही? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की साताऱ्याच्या मंडईत जावळी-पाटणकडच्या बायका पाटीतून करटोली घेऊन बसतात. ती भाजी एकदा खाल्ली की परसात वेल हवीशी वाटतेच. आम्हीही बी रुजवलं, मांडव घातला. पिवळी फुलं भरभरून आली, पण दोन पावसाळे एक फळ नाही. खत कमी पडलं असेल म्हणून मी शेणखत घालत राहिले. खताचा काही संबंधच नव्हता. आमची वेल नर होती.

करटोलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. बियांपासून आलेली वेल कोणती, हे फुलल्याशिवाय कळत नाही. मादी फुलाच्या बुडाशी काटेरी इवलंसं फळ दिसतं, नर फुलाखाली नुसता देठ. म्हणून बी लावत बसू नका. ज्यांच्याकडे फळ धरणारी वेल आहे त्यांच्याकडून मादीचा कंद मागून आणा. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, पण दोनच माद्या असल्या तरी तो एक हवाच. ‘वांझ’ म्हणून त्याला उपटू नका.

नर असूनही कोवळी फळं पिवळी पडून गळतात? मग पराग पोचत नाहीत. हे फूल संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला ताजं नर फूल खुडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. माझी फळं याच एका कामाने टिकली.

हिवाळ्यात वेल वाळते. ती मेलेली नसते, कंद जमिनीत जिवंत असतो. तेव्हा पाणी घालत राहिलात तर तो कुजतो. जागेवर खूण करून ठेवा, वळवाच्या पावसानंतर कोंब येतो.

डोंगरातून कंद उकरून आणू नका. साताऱ्याजवळचं कास पठार तर २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण इतर रानातही कंद गेला की पाटी घेऊन येणाऱ्या बाईची पुढच्या वर्षीची भाजी गेली.

रानात फळ तोडताना कवंडळ या रानवेलीच्या फळाशी गल्लत नको. ते गुळगुळीत, पिकल्यावर लालभडक आणि विषारी असतं. करटोलीला मऊ काटे असतात. शंका असेल तर चाखूनही बघू नका.

फळ हिरवं असतानाच तोडा. काटे खरवडू नका, नुसतं चोळून धुवा. बी कडक लागलं तरच काढा, कोवळं बी भाजीत छान लागतं.