टर्बो सगळ्यात शेवटी: एनए रोटरीला बूस्ट देण्याआधीची तयारी

टर्बो विकत घ्यायला घाई करू नका, तो सगळ्यात शेवटी लागतो. आधी आहे ते इंजिन बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, सोसेल का, ते बघायचं. इथे डोळ्यांसमोर माझ्दाच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मधलं १३बी रोटरी इंजिन आहे (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर), तेही एनए, म्हणजे बिनटर्बोचं. आरएक्स-८ मधल्या रेनेसिस इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आणि कॉम्प्रेशन रेशो १०:१, त्यामुळे त्याचं गणित वेगळं.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून. इंजिन गरम करा, फ्युएल आणि इग्निशन बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. साधा गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, आणि रोटरला तर तीन बाजू असतात. म्हणून रोटरीचा खास टेस्टर मिळवा. तो नसेल तर गेजचा व्हॉल्व्ह दाबून धरा आणि काट्याकडे बघा, कानही द्या. तीन ठोके सारखे पडले पाहिजेत. दोन जोरदार आणि तिसरा मेलेला असेल तर बहुधा रोटरच्या कडेचं साइड सील गेलेलं आहे, दोन मेलेले असतील तर टोकावरचं एपेक्स सील. तिन्ही सारखेच कमजोर असतील तर इंजिन झिजलंय. २५० आरपीएमला दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या खाली आकडा आला, किंवा बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर टर्बोचे पैसे इंजिन बांधण्यात घाला. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का तेही बघा. येत असतील तर आतलं वॉटर सील गेलंय.

‘एनएचं कॉम्प्रेशन जास्त, त्याला टर्बो चालत नाही’ असं बरेच जण ठामपणे सांगतात. १९८६ ते १९८८ च्या एनएचं ९.४:१ आणि त्याच काळातल्या टर्बोचं ८.५:१, नंतर ते ९.७ आणि ९.० झालं. फरक आहे, पण इंजिन मरतं ते नॉकिंगने, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकल्याने. एपेक्स सील ठिसूळ असतं. एकदा जोरात नॉक झालं की तुकडा उडतो, एक्झॉस्ट पोर्टमधून थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो आणि इंजिनाबरोबर टर्बोही जातो.

म्हणून खरा खर्च पेट्रोल आणि मोजमाप यांवर करा. मूळ चार इंजेक्टर ४६० सीसीचे, टर्बो मॉडेलचे ५५० चे. त्याहून मोठे घ्या, सोबत जास्त प्रवाहाचा पंप, आणि बूस्टच्या प्रमाणात प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर. मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बूस्ट ओळखत नाही. मॅप सेन्सरवर (तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो) चालणारा स्वतंत्र ईसीयू लागतोच. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर आधीच बसवून टर्बोशिवाय गाडी चालवा, म्हणजे वाचन भरवशाचं आहे का ते कळेल. बूस्टमध्ये हवा-पेट्रोल मिश्रण ११:१ च्या आसपास, म्हणजे चांगलंच रिच (पेट्रोल जास्त) ठेवा. स्पार्कचं टायमिंग मागे घ्या. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, त्यातल्या ट्रेलिंगचा स्पार्क लीडिंगच्या १० ते १५ अंश मागे राहू द्या. प्लग थंड रेंजचे, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे.

१९८९ नंतरच्या इंजिनात सीलना तेल पुरवणारा मीटरिंग पंप इलेक्ट्रॉनिक आहे. मूळ ईसीयू काढला की त्याला हुकूम देणारं कुणी उरत नाही. तेव्हा पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण ८ ते १० मिली. टर्बोच्या तेलाची परतीची नळी जाड आणि सरळ उताराची हवी. ती दुमडली की टर्बोमधून निळा धूर येतो आणि सगळे इंजिनाला दोष देतात.

सहा इनटेक पोर्टवाल्या इंजिनात जादा पोर्टच्या स्लीव्ह व्हॉल्व्हचं काय करणार ते आधी ठरवा. जुन्या मॉडेलमध्ये ते एक्झॉस्टच्या दाबावर उघडतात, आणि टर्बो आला की तो दाब पूर्वीसारखा राहत नाही. कायमचे उघडे बांधले तर खालच्या आरपीएमला दम कमी होतो. मला ते चालतं.

उष्णतेकडे मात्र कानाडोळा नको. रोटरीत ज्वलन लांबतं, जळता गॅस पोर्टमधून बाहेर पडतो. मॅनिफोल्ड जाड घ्या, हीट शील्ड लावा, जवळच्या होज आणि वायरी दूर बांधा. रेडिएटर आणि ऑइल कूलर मोठे, इंटरकूलर हवाच. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) ऐसपैस घ्या, नाहीतर स्प्रिंग कितीचीही असो, वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढतो. (१९९१ ला ल मानची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दाच्या रोटरी ७८७बीला टर्बो नव्हता, हे या टप्प्यावर आठवतंच.)

क्लच बदलावा लागेल. एनएचा गिअरबॉक्स टर्बोवाल्यापेक्षा नाजूक, गिअर टाकताना दमाने.

सुरुवातीला वेस्टगेटला ५-६ पीएसआयची स्प्रिंग. दोन-तीनदा गरम-थंड करून मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा, तेल बदला, लॉग तपासा, प्लग काढून बघा. बूस्ट वाढवणारा कंट्रोलर तोवर खोक्यातच राहू द्या.