ए५२० ऐवजी बी५५०: भाच्याच्या पीसीचा अनुभव

भाच्याच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (ज्यावर त्याचा वेग ठरतो तो गुणक) वाढवायचा पर्यायच बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, नव्हता. प्रोसेसर अनलॉक्ड, म्हणजे वेग वाढवू देणारा, पण मदरबोर्ड ए५२० चा, आणि एएमडीने त्या चिपसेटवर (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, दिलेलंच नाही. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात एक्स५७० चा बोर्ड घ्या म्हणाले. मी बी५५० वर अडून बसलो. ओव्हरक्लॉकिंग दोन्हींत होतं, ग्राफिक्स कार्डला पीसीआयई ४.० (कार्ड जोडायचा वेगवान मार्ग) दोन्हींत मिळतं. एक्स५७० मध्ये चिपसेटच्या लेनही (डेटाच्या वाटा) ४.० च्या आहेत, पण त्या बऱ्याच एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे वेगवान एसएसडी, लावणाऱ्याच्या कामाच्या. वाचलेले पैसे व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) जाड हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, असलेल्या बी५५० बोर्डात घातले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, खोलीतली हवाच तापलेली असते. तिथे हा हीटसिंक चिपसेटच्या नावापेक्षा महत्त्वाचा.

एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) सुरू करताच रॅम २६६६ वरून ३२०० वर आली (हे ए५२० वरही झालं असतं). मग पीबीओ (प्रोसेसरला आपोआप जास्त वेग घेऊ देणारी सेटिंग), आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोरना उणे १५. उणे ३० वर मशीन नुसतं बसलेलं असतानाच रीस्टार्ट व्हायचं. एकच क्लॉक (वेग) हाताने लावण्यापेक्षा मला हे पटलं: व्होल्टेज कमी, त्यामुळे बूस्ट, म्हणजे आपोआप वाढलेला वेग, जास्त वेळ टिकतो. भाच्याचं व्हिडिओ रेंडरिंग आता भर दुपारीही अडत नाही.