बोटीचा बिल्ज पंप आणि फ्लोट स्विच, वायरिंग नीट कसं करायचं

बिल्ज म्हणजे बोटीचा तळ, तिथे साचलेलं पाणी बिल्ज पंप बाहेर टाकतो आणि पाणी वाढलं की तरंगून वर येणारा फ्लोट स्विच तो पंप आपोआप सुरू करतो. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, ऑटोची लाइन, म्हणजे फ्लोटमार्फत पंप चालवणारी वायर, बॅटरीच्या मेन स्विचमधून घेऊ नका, थेट बॅटरीवरून घ्या, कारण बोट नांगरून मेन बंद करून आपण घरी जातो आणि अवकाळी पाऊस नेमका तेव्हाच पडतो.

१२ व्होल्टच्या छोट्या बोटीत ऑटो-ऑफ-मॅन्युअल असा तीन पोझिशनचा स्विच लावा. बॅटरीच्या प्लसवरून वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज, तिथून स्विच. ऑटो टर्मिनलची वायर फ्लोटला आणि फ्लोटची दुसरी वायर पंपाच्या प्लसला. मॅन्युअलची वायर मात्र फ्लोटला वगळून सरळ पंपाच्या प्लसला, म्हणजे फ्लोट अडकला तरी पंप चालवता येतो. पंपाची काळी वायर बॅटरीच्या मायनसला. फ्यूज पंपावर लिहिलाय तेवढ्याच अँपियरचा, मोठा अजिबात नको, आत पिशवीचा तुकडा अडकून मोटर जाम झाली की वायर तापून पेटू शकते.

खरा घोळ जॉइंटमध्ये होतो. पिळून टेप मारलेला जॉइंट खाऱ्या पाण्यात टिकतच नाही, तांबं आतून हिरवं पडतं, वरून दिसतसुद्धा नाही आणि पंप बंद. टिन चढवलेली वायर घ्या, आतून गोंद असलेले हीट-श्रिंक क्रिंप (दाबून लावायचे आणि गरम केल्यावर आवळून बसणारे जोड) वापरा आणि जॉइंट बिल्जच्या पाण्याच्या बराच वर बांधा. लांब पल्ल्याला वायर जाड घ्या, नाहीतर व्होल्टेज पडतं.

शेवटी मेन बंद ठेवून बिल्जमध्ये बादलीने पाणी ओता, पंप आपोआप सुरू होऊन आपोआप बंद झाला पाहिजे.